चौकडी आणि कॉलनी

१८ नोव्हेंबर १७२७ रोजी सवाई जयसिंगाने ज्या नगराची पायाभरणी केली, त्याच्या आखणीत घर आणि व्यवसाय यांची फारकत नव्हती. विद्याधर भट्टाचार्याच्या साहाय्याने रेखलेल्या जयपूरचे एकक होते चौकडी. चौकडीत मोहल्ला, मोहल्ल्यात हवेली. बाजाराच्या अंगाला दुकान, मागे वा माडीवर संसार. मनिहारोंका रस्ता लाखेच्या बांगड्या करणाऱ्यांचा, ठठेरोंका रस्ता तांबटांचा. कारागिराच्या पत्त्यातच त्याचा धंदा वाचता येई. कामावर जाण्यासाठी त्याला उंबरठा ओलांडणे पुरेसे होते.

ही वीण विसाव्या शतकात उसवली. मिर्झा इस्माईल दिवाण असताना (१९४२-४६) तटाबाहेरच्या आखीव विस्ताराला वेग आला. सी-स्कीममध्ये बंगले उठले. फाळणीनंतर आदर्शनगरात निर्वासितांची वस्ती झाली. ज्यांना परवडले, ते हवेल्या सोडून गेले. मागे राहिलेल्या वास्तूंची खोल्याखोल्यांत वाटणी झाली. १९५० च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकरूला आसरा दिला खरा. पण तुटपुंज्या भाड्यात डागडुजी करण्याचे मालकाला प्रयोजन उरले नाही. मुंबईच्या चाळींची कथा याहून फारशी निराळी नाही.

१९७० मध्ये राजस्थान गृहनिर्माण मंडळ आणि १९८२ मध्ये जयपूर विकास प्राधिकरण स्थापन झाले. मानसरोवरसारख्या विशाल वसाहतींनी मध्यमवर्गाला छप्पर दिले. ज्यांचा तेथेही निभाव लागला नाही, त्यांनी गृहनिर्माण सहकारी समित्यांनी शेतजमिनीवर पाडलेले भूखंड ‘सोसायटी पट्ट्या’वर घेतले. जमीन स्वस्त होती. पण नळ, गटार आणि निर्वेध मालकी यांची वाट वर्षानुवर्षे पाहावी लागली.

अशा रीतीने अल्प उत्पन्नाच्या कुटुंबापुढे दोनच वाटा उरल्या. तटाच्या आत धंदा हाताशी, पण खोली अंधारी आणि भिंत ओलसर. बाहेर उजेड आणि वारा, पण कामाचे ठिकाण दोन बसगाड्यांच्या अंतरावर, आणि घरी बसून नग घडविणाऱ्या स्त्रीच्या हातचे काम सुटण्याची भीती. पहिल्या वाटेची किंमत शरीर मोजते, दुसरीची वेळ आणि मिळकत.

२०१९ मध्ये तटबंद जयपूर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. गुलाबी दर्शनी भागांच्या जतनाला त्यामुळे बळ मिळाले. परंतु हवेलीचे उपाहारगृह वा अतिथिगृह झाले, की कमान शाबूत राहते आणि कमानीखाली बसणारा कारागीर उठतो. जयसिंगाच्या नगररचनेचे मर्म कमानीइतकेच त्या बैठकीत होते. वारसा जपायचा, तर कारागिराला त्याच रस्त्यावर राहणे परवडेल अशी व्यवस्था आधी करावी लागेल.