कोकची कसोटी

‘कसोटी’ हा मुळात सोनाराचा काळा दगड. त्यावर सोनं घासायचं, उमटलेली रेघ पाहायची आणि कस ठरवायचा. आज आपण एका काळ्याच वस्तूची कसोटी कशी घडत गेली ते पाहू. ती वस्तू म्हणजे कोक.

दगडी कोळसा हवा लागू न देता तापवला की त्यातले वायू आणि डांबर निघून जातात. मागे राहतो तो सच्छिद्र, टणक कोक. इंग्लंडमध्ये कोलब्रुकडेल इथे अब्राहम डार्बीने १७०९ साली लाकडी कोळशाऐवजी कोक वापरून लोखंड गाळलं. तिथल्या कोळशात गंधक कमी, हे त्याचं भाग्य. कारण गंधकानं लोखंड ठिसूळ होतं. पण गंधक मोजायची रीत डार्बीजवळ नव्हती. भट्टीतून लोखंड बाहेर आलं की कळणार, कोक चांगला की वाईट. चूक समजायची ती माल बिघडल्यावर.

पुढे प्रयोगशाळा आली. ओलावा, राख आणि तापवल्यावर उडून जाणारी द्रव्यं मोजायची. उरेल तो ‘स्थिर कार्बन’. गंमत पाहा, ज्याच्यासाठी हा खटाटोप, तो कार्बन इथे थेट मोजतच नाहीत. शंभरातून बाकीचं वजा करतात.

पण झोतभट्टीत कोक नुसता जळत नाही. तळाकडे खनिज वितळतं, कोक मात्र घनच राहतो. वरचा भार तोच पेलतो, त्याच्याच फटींतून वायू वर जातो आणि लोखंड खाली झिरपतं. कोकचा चुरा झाला तर वाटा बुजल्या. म्हणून बळाची परीक्षा आली. ५० किलो कोक पोलादी पिंपात घालून १०० फेरे द्यायचे आणि ४० मिलिमीटरच्या चाळणीवर किती राहतो ते पाहायचं.

तरी एक प्रश्न उरलाच. पिंप थंड, भट्टी तप्त. जपानमध्ये चालत्या भट्ट्या थंड करून, थरामागून थर उकलून आत काय घडतं ते पाहिलं गेलं. १९७०च्या दशकात तिथेच नवी परीक्षा रुजली. २०० ग्रॅम कोक ११०० अंशांवर दोन तास कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवायचा. जितकं वजन घटलं तितका तो वायूनं खाल्ला. मग उरलेल्याला ६०० फेरे देऊन बळ पाहायचं. थंड पिंपात उत्तम ठरलेला कोक इथे नापास होऊ शकतो.

आता सांगा, पहिली परीक्षा खोटी होती का? नाही. तिनं जेवढं विचारलं, तेवढ्याचं उत्तर खरंच मिळालं. चूक होते ती आपली, त्या उत्तराला पूर्ण वस्तू समजण्यात. मुलांचे गुण पाहून आपण त्यांचं भविष्य सांगतो, तेव्हा बहुधा थंड पिंपाचाच आकडा आपल्या हातात असतो.

इथे थांबू. आता तुमचे प्रश्न घेऊ.