भीतीचा भूगोल : राजुऱ्याच्या निमित्ताने

पोलिसांच्या दप्तरात गुन्ह्याची नोंद होते, भीतीची होत नाही. चोरी झाली की तारीख, वेळ, ऐवज लिहिला जातो. चोरीच्या धास्तीने एखाद्या बाईने संध्याकाळचा रस्ता कायमचा सोडला, तर ते कुठेच उमटत नाही. ब्रिटनमध्ये १९८२ साली पहिले राष्ट्रीय गुन्हे-सर्वेक्षण झाले. अंधार पडल्यावर आपल्या वस्तीत एकट्याने चालताना किती सुरक्षित वाटते, हा प्रश्न त्यात होता. रस्त्यावरच्या मारहाणीचा धोका तरुण पुरुषांना सर्वाधिक, तर भीती बायकांना आणि वृद्धांना सर्वाधिक, असे चित्र पुढे आले. मग भीती येते कुठून? माझ्या मते तिचा मोठा वाटा परिसराचा असतो. राजुऱ्याचा इतिहास त्या दृष्टीने वाचण्यासारखा आहे.

राजुरा तेव्हा हैदराबाद संस्थानाच्या अदिलाबाद जिल्ह्यात होते. वर्धा नदीपलीकडे बल्लारपूर आणि चांदा, म्हणजे मध्यप्रांत. १५ ऑगस्ट १९४७ रोजी पलीकडचा काठ स्वतंत्र झाला. अलीकडचा सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईपर्यंत निजामाच्या अमलात राहिला. रझाकारांच्या त्या तेरा महिन्यांत संस्थानाच्या सीमाभागांतील अनेक कुटुंबांनी हद्द ओलांडून आश्रय घेतला. तेव्हाची भीती समजून घ्यायची तर हल्ले किती झाले एवढे मोजून भागत नाही. हाक मारली तर धावून येणारा शिपाई कोणत्या काठावर आहे, आणि तो आपला आहे का, हेही विचारावे लागते.

१९५६ मध्ये राजुरा मुंबई राज्यात आले. आधी नांदेड जिल्ह्यात, मग १९५९ मध्ये चांदा जिल्ह्यात. हद्द दूर सरकली, पण परिसर बदलत राहिला. सास्तीला कोळसा निघाला, गडचांदूरकडे सिमेंटचे कारखाने उभे राहिले, परप्रांतांतून कामगार आले. अशा ठिकाणी भीतीचे खापर सहसा परक्या माणसावर फुटते. मला ते पटत नाही. आठवडी बाजारात अनोळखी माणसांचीच गर्दी असते, तिथे कोणी दचकत नाही. दचकायला होते ते लांबलचक कुंपणभिंतीच्या कडेने, जिकडे एकही दार उघडत नाही. अमेरिकेच्या जेन जेकब्स यांनी १९६१ मध्ये शहरांविषयी हेच मांडले होते : दुकाने, ओटे, खिडक्या यांतून रस्त्यावर असलेली माणसांची नजर रस्ता सांभाळते.

जंगलाकाठच्या गावांत हे आणखी स्पष्ट दिसते. २०२० मध्ये राजुरा परिसरात माणसे मारणारा आरटी-१ वाघ जेरबंद झाला. वाघाच्या भीतीवर गावकरी जे उपाय सांगतात (वाटेकडची झुडपे तोडा, दिवा लावा, जोडीने जा) तेच माणसाच्या भीतीवरही चालतात. आडोसा वाघाला लपवतो तसाच माणसालाही.

या भीतीची किंमत सगळे सारखी मोजत नाहीत. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ च्या ‘व्हाय लॉयटर?’ या पुस्तकात मुंबईच्या संदर्भात दाखवले, की सुरक्षिततेच्या नावाखाली बायकांचे बाहेर असणेच आक्रसते. राजुऱ्यासारख्या तालुक्यात ते थेट शिक्षणावर येते. शेवटच्या एसटीने उतरून अंधाऱ्या फाट्यावरून घरी चालत जायचे असेल, तर मुलीचे कॉलेज सुटते. त्या फाट्यावर गुन्हा घडलेला नसतो, म्हणून तिथे दिवाही लागत नाही.