राठी हत्याकांड : फाशीच्या एका खटल्याची २८ वर्षे

२६ ऑगस्ट १९९४ रोजी पुण्यात पौड रस्त्यालगतच्या एका सदनिकेत पाच स्त्रिया आणि दोन लहान मुले यांचे खून झाले. स्त्रियांपैकी एक गरोदर होती. घर मिठाईचे दुकान चालवणाऱ्या राठी कुटुंबाचे होते. मारेकरी तिघे, मूळचे राजस्थानातले. त्यांपैकी एक त्याच दुकानात नोकरीला होता. दुकानदाराच्या घरी रोकड आणि दागिने असणार, हा त्यांचा हिशेब. नोकराला घरची माणसे ओळखणार, म्हणून साक्षीला कोणी मागे ठेवायचे नाही, हेही आधीच ठरलेले होते. तिघांना सप्टेंबरमध्ये अटक झाली आणि प्रकरण ‘राठी हत्याकांड’ या नावाने महाराष्ट्रभर गाजले.

पुण्याला असा धक्का पूर्वी एकदा बसला होता. १९७६-७७ मधील जोशी-अभ्यंकर खून मालिकेत चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी झाली. तो खटलाही माफीच्या साक्षीदाराच्या जबानीवर उभा होता. राठी प्रकरणात तिघांपैकी एकाला माफी देऊन सरकार पक्षाने साक्षीदार केले. उरलेल्या दोघांवर खून, कट, घरात घुसणे, जबरी चोरी अशी कलमे लागली. वृत्तपत्रांनी ‘दरोडा’ लिहिले तरी तेव्हाच्या भारतीय दंड संहितेनुसार दरोड्याला किमान पाच जण लागत. त्यामुळे खुनासह दरोड्याचे कलम ३९६ येथे लागू नव्हते. फाशी आली ती कलम ३०२ खाली.

फेब्रुवारी १९९८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने दोघांना देहदंड सुनावला. तेव्हा लागू असलेल्या १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार त्यासाठी विशेष कारणे नोंदवावी लागत, आणि १९८० च्या बच्चनसिंग निकालाने ही शिक्षा ‘दुर्मिळात दुर्मीळ’ प्रकरणांपुरती राखून ठेवली आहे. सात बळी, त्यांत मुले आणि गरोदर स्त्री, शिवाय आधीपासून आखलेला बेत. इतके समोर असताना या कसोटीवर फारशी रस्सीखेच होण्याचे कारण नव्हते. जुलै १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आणि ५ सप्टेंबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली. त्याच वर्षी पुनर्विलोकन याचिकाही फेटाळली गेली.

पुढची सोळा वर्षे दयेच्या अर्जांची. दोघांपैकी एकाची फाशी २०१६ मध्ये राष्ट्रपतींनी जन्मठेपेत बदलली. दुसऱ्याने आपला अर्ज मागे घेऊन पुन्हा न्यायालयाची वाट धरली. ही वाट उघडली होती २०१४ मधल्या मोहम्मद आरिफ निकालाने. तोवर पुनर्विलोकन याचिका न्यायाधीशांच्या दालनातच निकालात निघत. या निकालानंतर फाशीच्या प्रकरणात ती तीन न्यायाधीशांसमोर खुल्या न्यायालयात ऐकणे बंधनकारक झाले.

या टप्प्यावर, २०१८ मध्ये, त्याने गुन्ह्याच्या वेळी आपण अल्पवयीन होतो असा दावा केला. बाल न्याय कायद्यानुसार हा मुद्दा कोणत्याही न्यायालयात, कधीही, अगदी अंतिम निकालानंतरही मांडता येतो. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुण्याच्या प्रधान जिल्हा न्यायाधीशांना चौकशी करायला सांगितले. आधार होता बीकानेर जिल्ह्यातील एका सरकारी शाळेचा दाखला : जन्मतारीख १ फेब्रुवारी १९८२. म्हणजे गुन्ह्याच्या दिवशी वय साडेबारा वर्षे. दाखल्यातले नाव खटल्यातल्या नावापेक्षा थोडे वेगळे होते, म्हणून दोन्ही नावे एकाच माणसाची आहेत का, यावरच बराच काथ्याकूट झाला. वैद्यकीय तपासणीचा काही उपयोग नव्हता. तुरुंगात २००५ मध्ये झालेल्या तपासणीने त्याचे वय २२ च्या वर आणि ४० च्या खाली, इतकेच सांगितले होते!

गुन्हा घडला तेव्हा १९८६ चा बाल न्याय कायदा लागू होता. त्यात मुलग्यासाठी वयोमर्यादा १६ वर्षांची. २००० च्या कायद्याने ती १८ केली. साडेबारा वर्षे दोन्हींच्या आतच बसतात. बालकाला देहदंड देता येत नाही, आणि बाल न्याय मंडळाला जास्तीत जास्त तीन वर्षे सुधारगृहात ठेवता येते. वय हा प्रश्न एवढा निर्णायक असूनही तिन्ही न्यायालयांच्या पहिल्या फेरीत त्याची स्वतंत्र चौकशी झाली नाही, ही या खटल्यातली सर्वांत मोठी उणीव म्हणावी लागेल. आरोपीने तेव्हा दाखला हजर केला नव्हता हे खरे. पण ज्याला फासावर चढवायचे त्याचे वय तपासायला दाखल्याची वाट पाहण्याची गरज नव्हती.

न्यायमूर्ती के. एम. जोसेफ, अनिरुद्ध बोस आणि हृषिकेश रॉय यांच्या खंडपीठाने २७ मार्च २०२३ रोजी निकाल दिला. बारा वर्षांचा मुलगा इतके भीषण कृत्य करू शकेल का, ही शंका खंडपीठापुढे होती. ती धक्कादायक असली तरी अशा तर्काने निर्णय झाकोळू देता येत नाही, असे न्यायमूर्ती बोस यांनी लिहिले. दाखला ग्राह्य धरून फाशी अवैध ठरवण्यात आली. कायद्याने फार तर तीन वर्षांचा बंदिवास शक्य असताना तो २८ वर्षांहून अधिक काळ तुरुंगात राहिला होता, म्हणून त्याला तत्काळ सोडण्याचा आदेश झाला.