‘नामशेष’ या शब्दाचा अर्थ

एखादी गोष्ट जगातून कायमची गेली, की ती ‘नामशेष’ झाली असे आपण म्हणतो. शब्द मोठा अर्थवाही आहे. वस्तू गेली आणि मागे केवळ नाव उरले, एवढे तो एका दमात सांगतो. इंग्रजीत याच अर्थी योजलेला ‘एक्स्टिंक्ट’ हा शब्द लॅटिनमधून आला. त्याचा मूळ अर्थ ‘विझलेला’. प्रथम तो विस्तवाला लावीत, पुढे निर्वंश झालेल्या घराण्याला आणि त्यानंतर प्राण्यांच्या जातींना. मुलाला वंशाचा दिवा म्हणणाऱ्या आपणांस ही कल्पना परकी वाटू नये.

घराणे बुडते, हे माणसाला पूर्वापार ठाऊक होते. प्राण्याची सबंध जात पृथ्वीवरून जाऊ शकते, हे मात्र त्याने फार उशिरा मान्य केले. मॉरिशस बेटावरील डोडो पक्षी सतराव्या शतकातच संपला होता. पण ‘जात संपते’ हा विचार तेव्हा विद्वानांतही रुजलेला नव्हता. 1796 साली पॅरिस येथे क्युव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने हिंदुस्थानचा हत्ती, आफ्रिकेचा हत्ती आणि मॅमथ यांची हाडे ताडून पाहिली. मॅमथ हा या दोहोंहून निराळा असून आता तो जगात कोठेही नाही, असे त्याने दाखविले. तेथून या शब्दाला शास्त्राची बैठक मिळाली.

आपल्या देशात या शब्दाची सर्वांत बोलकी कथा चित्त्याची आहे. संस्कृत ‘चित्रक’ म्हणजे ठिपकेदार. त्यावरून चित्ता, आणि तोच शब्द इंग्रजीनेही उचलला. अकबराने हजार चित्ते बाळगले होते, असे जहांगीर लिहितो. हे चित्ते रानातून धरून आणलेले असत. पाळलेल्या चित्त्यांना पिले होणे इतके दुर्मीळ, की तसे एकदा घडले तेव्हा जहांगीराने त्याची मुद्दाम नोंद केली. म्हणजे शतकानुशतके रानातून काढणे चालले, रानाला परत देणे काहीच नव्हते. पुढे माळराने नांगराखाली गेली, बंदुका आल्या. विसाव्या शतकात कोल्हापूर व भावनगर या संस्थानांना शिकारीसाठी आफ्रिकेतून चित्ते मागवावे लागले! त्याच वेळी धोक्याची घंटा ऐकू यावयास हवी होती. 1947 साली, आज छत्तीसगडात असलेल्या कोरिया संस्थानाच्या राजाने एका रात्रीत तीन नर मारले. देशातील अखेरचे म्हणून सामान्यतः त्यांचीच गणना होते. 1952 साली चित्ता भारतातून नाहीसा झाल्याचे सरकारने जाहीर केले. भारतीय नाव साऱ्या जगात राहिले आणि भारतातला प्राणी तेवढा गेला. ‘नामशेष’ शब्दाचा याहून शब्दशः प्रत्यय आम्हांस तरी ठाऊक नाही.

2022 साली नामिबियातून आठ व 2023 साली दक्षिण आफ्रिकेतून बारा चित्ते मध्य प्रदेशात कुनो येथे आणले गेले. मग नामशेष झालेले परत आले, असे म्हणावे काय? हे चित्ते आफ्रिकेच्या उपजातीचे. आपला आशियाई चित्ता थोड्या संख्येने इराणात उरला आहे. तेव्हा हा शब्द उच्चारताना ‘कोण’ आणि ‘कोठून’ हे दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत.

तिसरा प्रश्न ‘कशावरून’ हा. तो आपल्या खानदेशाने शिकविला. रानपिंगळा या लहानशा घुबडाचे शास्त्रीय वर्णन 1873 साली झाले. 1884 नंतर त्याचा खरा नमुना कोणास मिळाला नाही. माइनर्ट्झहॅगन या इंग्रज अधिकाऱ्याने 1914 साली गुजरातेत तो मिळविल्याचे सांगितले होते. पण तो जुना, चोरलेला नमुना असून त्यावर खोटी चिठ्ठी लावलेली होती, हे पुढे पामेला रासमुसेन यांनी उघडकीस आणले. खोटी जागा वगळून खऱ्या जागी शोध घेताच, नोव्हेंबर 1997 मध्ये आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत दिसला. एकशे तेरा वर्षे तो आपल्या रानातच होता. आपण चुकीच्या ठिकाणी पाहत होतो.

या दोन कथांचा बोध परस्परविरोधी नाही. शब्द घाईने वापरला, तर जिवंत प्राण्याकडे पाठ फिरते. उशिरा वापरला, तर तो केवळ श्राद्धाचा मंत्र होतो. माळढोकासाठी सोलापूरजवळ नान्नज येथे 1979 साली अभयारण्य झाले. आज तेथे माळढोक दिसणे हीच बातमी ठरते. देशात उरलेले बहुतेक राजस्थानात आहेत. ज्या माळावर तो राहतो, त्याला आपण कागदोपत्री ‘पडीक’ म्हणतो, हेही शब्दाचेच पाप आहे. पडीक म्हटलेल्या जमिनीची कीव कोण करणार? माळढोकाविषयी ‘नामशेष’ हा शब्द अजून लिहावा लागलेला नाही. तो लिहावा लागू नये, यासाठी जे करावयाचे ते आताच केले पाहिजे. शब्द उमटल्यावर करण्यासारखे काही उरत नाही.