वृक्ष, देश, वर्ण आणि रुची : तांबड्या द्राक्षमद्याची संज्ञा व पेण-रोहा परिसर

मद्याला नाव कशावरून पडते, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. परंतु एखाद्या समाजाने पेय आपलेसे केले की ते केवळ त्याच्या दारावरून गेले, याचा उलगडा पुष्कळदा नामकरणावरूनच होतो. रायगड (१९८१ पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्यातील पेण व रोहा हे तालुके या दृष्टीने अभ्यसनीय आहेत. अतिवृष्टीच्या या भूमीत द्राक्षवेल फळत नाही. पण द्राक्षमद्याचा एक प्राचीन जलमार्ग या परिसराच्या उंबरठ्यापर्यंत येत होता.

रोहा कुंडलिका नदीवर वसले आहे आणि त्या नदीच्या मुखाशी रेवदंडा व चौल आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात येणारे सेमुल्ला बंदर म्हणजे चौल, असे अभ्यासक मानतात. भडोचला उतरणाऱ्या मालात मद्याचा उल्लेख करून त्यात इटलीच्या मद्यास अधिक पसंती असल्याचे हाच ग्रंथ नोंदवतो. उरण तालुक्यातील घारापुरी बेटावर सापडलेले रोमन कुंभांचे तुकडे या व्यापाराची साक्ष देतात. पुढे १५२१ ते १७४० या काळात पोर्तुगीज चौल-रेवदंड्यास होते. ख्रिस्ती उपासनेस द्राक्षाचेच मद्य आवश्यक असल्याने त्याची आवक त्यांना अपरिहार्य होती. त्या सहवासातून पोर्तुगीज ‘पीपा’ हा शब्द मराठीत ‘पिंप’ होऊन स्थिरावला, आणि खाडीपलीकडील कोर्लई गावी पोर्तुगीज-मराठी संपर्कातून घडलेली बोली टिकून राहिली. मात्र पिंपाचे नाव मराठीने घेतले, तरी त्यातील मद्याचे पोर्तुगीज नाव घेतले नाही, ही गोष्ट बोलकी आहे.

याचे एक कारण असे की, या प्रदेशाची पेये आणि त्यांची नावे पूर्वीच ठरलेली होती. माडापासून माडी, ताडापासून ताडी. शिंदी हे तर वृक्षाचे आणि पेयाचेही नाव. डोंगरपट्ट्यातील कातकरी व ठाकूर यांच्या परिचयाची दारू मोहाच्या फुलांची. येथे नामकरणाचे तत्त्व वृक्ष हे आहे. या वृक्षांशी असलेला संबंध सरकारी महसुलाच्या आड येऊ लागला, तेव्हा १८७८ च्या अबकारी कायद्याने गाळपावर नियंत्रण आणले आणि १८९२ च्या कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांच्या साठ्यावर व विक्रीवरही बंधने घातली. पेयाचे मूळ झाडात आहे, हे लोकभाषेइतकेच कायद्यानेही ओळखले होते.

द्राक्षमद्याची नावे निराळ्या तत्त्वांवर पडली. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्राक्षरसाच्या मद्यास ‘मधु’ म्हटले असून त्याचे ‘कापिशायन’ व ‘हारहूरक’ हे प्रकार उत्पत्तिदेशावरून ओळखले आहेत. इंग्रजी अमदानीत हिंदुस्थानभर साहेबाच्या टेबलावरील ‘क्लॅरेट’ला ‘लाल शराब’ म्हणत. येथे तत्त्व वर्णाचे. ‘क्लॅरेट’ हा शब्दही फ्रेंच ‘क्लेरे’पासून, म्हणजे ‘फिकट, स्वच्छ’ या वर्णवाचक अर्थातून आला. ११५२ च्या विवाहसंबंधातून बोर्दोचा प्रदेश इंग्लंडच्या राजघराण्याशी जोडला गेला आणि १४५३ पर्यंत तसाच राहिला. त्या काळी तेथून जाणारे मद्य फिकट असे. पुढे मद्य गडद झाले, नाव मात्र तेच राहिले.

या मद्याचे मर्म मिश्रणात आहे. काबर्ने सोव्हिन्यों हे द्राक्ष उशिरा पिकते आणि जाड सालीमुळे मद्याला बांधा देते. मेर्लो लवकर पिकते आणि मार्दव आणते. काबर्ने फ्रां, पती व्हेर्दो, माल्बेक यांची जोड कमीअधिक प्रमाणात मिळते. हिमाने किंवा पावसाने एक जात बुडाली तरी दुसरी हाती लागावी, ही शेतकऱ्याची सावधगिरीही या मिश्रणामागे आहे.

वृक्ष, देश व वर्ण ही तिन्ही तत्त्वे मद्याची ओळख सांगतात. चव सांगत नाहीत. आज रूढ होऊ पाहणारे ‘कोरडी वाइन’ हे नाव युरोपीय शब्दाचे केवळ भाषांतर होय. द्रव पदार्थास कोरडे म्हणणे मराठी कानाला विसंगत वाटते आणि त्यातून अर्थबोधही अपुरा होतो. सर्व साखर आंबवणात संपली, एवढेच त्यातून सांगावयाचे असते. याउलट ‘तुरट’ हा शब्द थेट जिभेवर नेतो. त्याचे मूळ संस्कृत ‘तुवर’. ‘तुरटी’ त्याच कुळातली. षड्रसांतील ‘कषाय’ तर आणखी अर्थगर्भ आहे : तो शब्द तुरट रस आणि तांबूस वर्ण असे दोन्ही अर्थ वाहतो. तांबड्या द्राक्षमद्यात रंग सालीतूनच उतरतो आणि तुरटपणाही मुख्यतः सालीतूनच. भाषेने एका शब्दात जोडलेले हे दोन गुण पदार्थातही बहुतांशी एकाच ठिकाणाहून येतात.

पेण-रोह्याच्या वाचकास ही चव अपरिचित नाही. सुपारीचा व जांभळाचा तुरटपणा, कोकमाचा आंबटपणा, आणि गोडीचा अभाव, या तिहींचा तोल म्हणजेच या मिश्रणाची रुची. लाळेतील प्रथिनांशी संयोग होऊन तुरटपणा जाणवतो. म्हणून मटणासारख्या प्रथिनयुक्त, स्निग्ध अन्नाबरोबर तो मवाळ होतो, तर तिखटाने मद्याचा दाह वाढतो. ‘खोलीच्या तापमानास प्यावे’ हा उपदेशही जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. ती खोली थंड देशातील जुन्या घराची, सुमारे १६ ते १८ अंशांची; कोकणच्या उन्हाळ्यातील खोलीत तेच मद्य भडक व बेचव लागते. येथे ते आधी गार करूनच घ्यावयास हवे.

२००१ च्या राज्य धोरणानंतर महाराष्ट्रात, विशेषतः नाशिक परिसरात, द्राक्षमद्याचा व्यवसाय वाढला आणि काबर्ने-शिराझसारखी मिश्रणेही येथे होऊ लागली. तेव्हा पिंपाप्रमाणे पेयही आता परके राहिलेले नाही. परकी राहिली आहे ती त्याची रुचिपरिभाषा. ती घडवावयाची तर ‘कोरडी’पेक्षा ‘तुरट’ आणि ‘कषाय’ या शब्दांपासून आरंभ करणे अधिक सयुक्तिक होय, कारण जिभेला जे आधीच ठाऊक आहे त्याचेच नाव ते देतात.