प्रपंच आणि मानवशास्त्र



इ. स. १९६९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजाने एक पाहणी-अहवाल प्रसिद्ध केला. कोयना धरणामुळे सातारा जिल्ह्यातील ज्या लोकांची घरेदारे व शेते पाण्याखाली गेली, त्यांचे पुढे काय झाले हा त्याचा विषय. असले अहवाल बहुधा ग्रंथालयांत धूळ खात पडतात. परंतु या अहवालाच्या कर्त्यांची नावे वाचून विद्येच्या इतिहासाची गोडी असलेला मनुष्य थबकल्यावाचून राहणार नाही. एक नाव इरावती कर्वे, दुसरे जाई निंबकर. म्हणजे आई आणि लेक. पित्यामागून पुत्राने एकच शास्त्र पत्करल्याची उदाहरणे आपल्याकडे आहेत. कोल्हापूरकडचे नारळीकर पितापुत्र सर्वांस ठाऊक आहेत. मायलेकींनी मिळून केलेले संशोधन मात्र विरळाच.

विदुषीने संसार आणि संशोधन यांचा मेळ कसा घातला, असे आपण मोठ्या कौतुकाने विचारतो. विद्वान पुरुषाला हा प्रश्न कोणी विचारीत नाही, कारण त्याचा मेळ दुसऱ्या कोणी तरी घातलेला असतो हे विचारणाऱ्यास ठाऊक असते. इरावतीबाईंच्या चरित्राकडे मी म्हणूनच जरा निराळ्या बाजूने पाहणार आहे. त्यांना काय साधले यापेक्षा कोणी काय दिले आणि कोणी काय नाकारले, हे पाहणे अधिक उद्बोधक आहे.

त्यांचा जन्म १९०५ साली ब्रह्मदेशातील मिंजान येथे झाला. वडील गणेश हरी करमरकर तेथे कापसाच्या कंपनीत नोकरीस होते. वयाच्या सातव्या वर्षी मुलीची रवानगी पुण्यास हुजूरपागेत झाली आणि पुढे ती रँग्लर परांजपे यांच्या घरी वाढली. आईबापांवाचून, परंतु पुस्तकांच्या सहवासात असे हे बालपण होते. फर्ग्युसन कॉलेजातून १९२६ साली त्या पदवीधर झाल्या, मुंबईस डॉ. घुर्ये यांच्या हाताखाली त्यांनी चित्पावनांवर प्रबंध लिहिला आणि १९२८ मध्ये त्या एम. ए. झाल्या. वडिलांची इच्छा कन्या एखाद्या संस्थानिकाच्या घराण्यात पडावी अशी होती. कन्येने वरले महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव, रसायनशास्त्राचे प्राध्यापक दिनकरराव यांना.

येथे इतिहासाने एक मौज करून ठेवली आहे. दिनकरराव स्वतः जर्मनीत शिकून आलेले असल्यामुळे पत्नीनेही तेथे जाऊन डॉक्टरेट मिळवावी, असा त्यांचा आग्रह होता. या बेताला विरोध कोणी केला? ज्यांनी १९१६ साली स्त्रियांसाठी स्वतंत्र विद्यापीठ स्थापिले, त्याच महर्षींनी. समाजाच्या मुलींना शिकविणे निराळे आणि घरच्या सुनेला दोन वर्षे सातासमुद्रांपलीकडे धाडणे निराळे, असे त्या थोर पुरुषालाही वाटले असावे. अखेर डॉ. जीवराज मेहता यांनी कर्जाऊ रक्कम दिली आणि १९२८ च्या नोव्हेंबरात इरावतीबाई जर्मनीस गेल्या. विलायतेस जाणाऱ्या नवऱ्याची वाट पाहत राहिलेल्या बायका त्या काळी घरोघर होत्या. पुण्यात राहून बायकोची वाट पाहणारा नवरा मात्र हाच. संमती देणे सोपे असते. दिनकररावांनी संमतीपुढे जाऊन कर्ज डोक्यावर घेतले आणि वडिलांची नाराजीही पत्करली.

बर्लिनमध्ये त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. वंशश्रेष्ठत्वाच्या मताचा हा पंडित पुढे नाझी राजवटीचा आधारस्तंभ ठरला. मानवी कवटीच्या उजव्या-डाव्या बाजूंत जो थोडा फरक असतो त्याचा वंशाशी काही संबंध आहे काय, हे पाहण्याचे काम त्याने या हिंदी विद्यार्थिनीस नेमून दिले. युरोपीय कवटीतील असमानता ही श्रेष्ठ बुद्धीची खूण ठरावी, ही गुरूची अपेक्षा होती. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि असा कोणताही संबंध आढळत नाही असे लिहून दिले. कर्ज काढून आलेली, परभाषेत लिहिणारी, पदवी त्याच गुरूच्या हाती असलेली पंचविशीची स्त्री! तिने मापे बदलली नाहीत. पदवी १९३० मध्ये मिळाली.

परतल्यावर काय झाले, याविषयी चरित्रकार घाईने पुढे सरकतात. मला तेथेच थांबावेसे वाटते. १९३१ ते १९३६ ही वर्षे त्यांनी महिला विद्यापीठाच्या कारभारात, म्हणजे मुख्यतः कचेरीत काढली. थोडे अध्यापन होते, परंतु ज्या शास्त्रासाठी एवढा खटाटोप केला त्याला वाहिलेली जागाच महाराष्ट्रात नव्हती. याच काळात, १९३२ साली जाई आणि १९३६ साली आनंद यांचा जन्म झाला. १९३९ मध्ये डेक्कन कॉलेज संशोधनसंस्था म्हणून पुन्हा उघडले आणि इरावतीबाई तेथे समाजशास्त्राच्या प्रपाठक झाल्या. धाकट्या गौरीचा जन्म १९४२ चा. म्हणजे पदवी आणि योग्य जागा यांत नऊ वर्षे गेली. त्यांचा दोष पाळण्यावर टाकण्यापूर्वी जागाच नव्हती हे ध्यानात ठेवावे. त्याच दशकात कमलाबाई भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, यांना बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत नुसता प्रवेश मिळविण्यासाठी रामन यांच्यासारख्या शास्त्रज्ञाशी भांडावे लागले होते, आणि त्यांचे तर लग्नही झालेले नव्हते.

डेक्कन कॉलेजात गेल्यावर मात्र कामाला अंत राहिला नाही. खेडोपाडी जाऊन माणसांची डोकी, नाके, उंच्या मोजणे, सांकळियांबरोबर गुजरातेत लांघणज येथील उत्खननात भाग घेणे, असे ते उद्योग होते. महाराष्ट्रातील शरीरमापनाचे पुस्तक १९५१ मध्ये निघाले. त्यातील सहलेखक वि. म. दांडेकर हे जन्माने सातारकर. माणसे मोजणारी आणि आकडे जोखणारा अशी ती जोडी जमली. पुण्याच्या रस्त्यांवरून स्कूटर चालविणाऱ्या पहिल्या स्त्रियांत त्या होत्या, आणि पतीला चारचौघांत नावाने हाक मारीत. लोकांना या गोष्टींचेच नवल अधिक वाटे.

‘परिपूर्ती’ या १९४९ च्या संग्रहातील त्याच नावाच्या लेखात, एका समारंभात आपली ओळख कोणाची मुलगी, कोणाची सून, कोणाची पत्नी अशी करून दिली गेली. ती अपुरी वाटली आणि वाटेत मुलाच्या सवंगड्याने अमक्याची आई म्हणून ओळखल्यावर पुरी झाली, असे त्यांनी लिहिले आहे. यावरून कित्येकांनी त्यांना जुन्या वळणाची ठरविले. मला त्या लेखात शरणागती दिसत नाही. नात्याच्या शब्दांनी मनुष्य कसा घडतो, हाच तर त्यांच्या शास्त्राचा विषय होता, आणि येथे त्यांनी तो स्वतःवर लावून पाहिला.

१९५३ साली निघालेला त्यांचा नातेव्यवस्थेवरील ग्रंथ याच विषयाचा. उत्तरेकडे मुलगी परगावी, अनोळखी कुळात दिली जाते. तेथे लेक आणि सून या जणू दोन निराळ्या जाती. दक्षिणेत मुलगी मामाच्या किंवा आत्याच्या घरीच जाते. सासू ओळखीची असते. महाराष्ट्र मधोमध आहे. सातारा-सांगलीकडे मराठ्या-कुणब्यांत मामाची मुलगी करण्याची चाल आहे, आत्याची नव्हे. लग्नाच्या या नियमांनी कोणते गाव कोणत्या गावाशी बांधले जाते, संकटात कोण कोणाच्या दारी जातो, हे ठरते.

हे ध्यानात घेतले म्हणजे कोयनेच्या पाहणीचे मर्म कळते. जाईबाईंचे सासर फलटणचे, आणि फलटण व भोवतालचा मुलूख हाच १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इरावतीबाईंच्या एका पाहणीचा विषय. लेकीचे सासर हे आईचे संशोधनक्षेत्र झाले! पुढे दोघींनी मिळून कोयना घेतली. पाटण व जावळीच्या डोंगरांतील शंभराच्या घरातील गावे या धरणाने हलविली. कोणी सांगली-सोलापूरकडे गेले, कोणी ठाणे-कुलाब्याकडे, कोणी डोंगरावर वर सरकून पाण्याच्या कडेलाच राहिले. सरकारी दप्तरात शेताची किंमत लिहिता येते. मामाचे गाव शंभर मैल दूर गेले याची नोंद कोणत्या रकान्यात करावी? नात्यांचे जाळे आयुष्यभर अभ्यासलेल्या बाईंनाच ते जाळे तुटल्याची मोजदाद करावी लागली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे त्याच खोऱ्यात मोठा भूकंप झाला, दोन वर्षांनी अहवाल छापून निघाला, आणि ११ ऑगस्ट १९७० रोजी इरावतीबाई निवर्तल्या.

कोयनेचे पाणी कऱ्हाडास कृष्णेला मिळते आणि कृष्णा सांगलीकडे वाहते. विस्थापितांचा प्रश्नही त्याच वाटेने खाली उतरला. सांगली जिल्ह्यातील कासेगावचे डॉ. भारत पाटणकर यांनी धरणग्रस्तांच्या चळवळीला आपले आयुष्य दिले. त्यांच्या पत्नी गेल ऑम्व्हेट या अमेरिकन. महाराष्ट्रातील ब्राह्मणेतर चळवळीवर प्रबंध लिहून १९७३ मध्ये त्या बर्कली येथे डॉक्टर झाल्या. अमेरिकेतील विद्यापीठाची वाट मोकळी असताना त्यांनी कासेगावची सून होणे पत्करले, आणि १९८३ मध्ये भारतीय नागरिकत्व घेतले. त्यांच्या सासूबाई इंदुताई या साताऱ्याच्या प्रतिसरकारच्या काळातील कार्यकर्त्या. तेव्हा या सुनेला चळवळ समजावून सांगावी लागली नाही, ती घरातच होती. इरावतीबाईंना डेक्कन कॉलेज मिळाले होते. गेलबाईंनी ठिकठिकाणी अध्यापन केले, पण आपली बैठक खेड्यातच ठेवली, आणि ग्रंथ मात्र एकामागून एक लिहिले. याची किंमत त्यांनी पगारात आणि निवृत्तिवेतनात मोजली, हे कौतुकाच्या भरात विसरू नये.

कासेगावीच २५ ऑगस्ट २०२१ रोजी त्यांचे निधन झाले. कोयनेच्या काही धरणग्रस्तांचा जमिनीचा दावा तेव्हाही मिटलेला नव्हता.