दर्या आणि दऱ्या : मराठी अक्षरांची मुक्त सनद

थ्रेड 🧵

१. लोहगडवाडीच्या वर, लोहगडाच्या कड्यातील एका लेण्यात २०१९ साली एक ब्राह्मी शिलालेख उजेडात आला. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेला हा लेख मधल्या अनेक शतकांत कुणाला दिसला असता, तरी वाचता आला नसता. ब्राह्मीची किल्ली हरवली होती. ती १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने कलकत्त्यात पुन्हा मिळवली.

२. दुसरे कुलूप मोडीचे. पुण्याच्या पेशवे दप्तरात कोट्यवधी कागद आहेत. भाषा मराठी, माणसे आपली, काळ अवघा दोनअडीचशे वर्षांपूर्वीचा; तरीही बहुसंख्य मराठी वाचकांना त्यातील एक ओळ लागत नाही. कागद जपला गेला, पण वाचणारे हात मोजकेच उरले.

३. तिसरे कुलूप जेमतेम तीस वर्षांपूर्वीचे आहे आणि ते आपल्याच संगणकात आहे. १९९० च्या दशकात टंकलेली मराठी पुस्तके, स्मरणिका, ग्रंथालयांच्या याद्या आज उघडल्या, की पुष्कळदा पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक कचरा दिसतो. या कुलपाची किल्ली कशी घडली, हा मुक्त सॉफ्टवेअर आणि बड्या कंपन्या यांच्या नात्याचा इतिहास आहे.

४. संगणकाला अक्षर कळत नाही, क्रमांक कळतो. जुन्या ‘अ‍ॅस्की’ संकेतात १२८ जागा होत्या आणि त्यात देवनागरीला स्थान नव्हते. म्हणून फॉन्ट तयार करणाऱ्यांनी रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले. प्रत्येकाची मांडणी वेगळी. एकाच्या फॉन्टमध्ये ज्या क्रमांकावर ‘क’, त्याच क्रमांकावर दुसऱ्याकडे एखादी वेलांटी. फॉन्ट गेला, की मजकूर गेला.

५. यावर उपाय शोधण्याच्या कामात पुणे आघाडीवर होते. १९८८ मध्ये तेथे सी-डॅक स्थापन झाली. भारतीय लिप्यांसाठीचा ‘इस्की’ हा संकेत १९९१ मध्ये भारतीय मानक ठरला. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर बेतलेली होती. आता प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक मिळाला.

६. पण क्रमांक मिळाल्याने अक्षर उमटत नाही. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातील खोल जागा. पहिल्या शब्दात ‘र’ रफार होऊन ‘या’च्या डोक्यावर चढतो, दुसऱ्यात तो आडव्या रेघेसारखा ‘या’ला बिलगतो. या दुसऱ्या ‘र’साठी युनिकोडमध्ये ०९३१ हा क्रमांक वापरतात. फॉन्टला आणि अक्षरे जुळवणाऱ्या आज्ञावलीला हा भेद ठाऊक नसेल, तर मावळातल्या दऱ्या पडद्यावर नीट उमटणारच नाहीत. परदेशातल्या एखाद्या कंपनीला हे कोण सांगणार? आणि सांगितले, तरी दुरुस्त कोण करणार?

७. येथे मुक्त सॉफ्टवेअरचा प्रवेश होतो. रिचर्ड स्टॉलमनने १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. १९८९ मध्ये जीपीएल हा परवाना आला, १९९१ मध्ये लिनक्स आले, आणि १९९८ मध्ये ‘ओपन सोर्स’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. परवाना म्हणजे एक प्रकारची सनदच. ‘हा मूळ संकेत वाचा, वापरा, बदला, पुढे द्या’ असे हक्क ती देते. मात्र बदललेली प्रत पुढे दिली, तर तिचा मूळ संकेतही त्याच अटींवर द्यावा लागतो, असे जीपीएलचे बंधन आहे.

८. बड्या कंपन्यांनी ही सनद स्वीकारली, त्यामागे केवळ औदार्य नव्हते. रेड हॅट ही अमेरिकी कंपनी लिनक्सचा संकेत खुला ठेवून त्यासोबतची देखभाल, दुरुस्ती आणि हमी विकत असे. ग्राहक वाढायचे, तर लिनक्सला भारतीय भाषा यायला हव्यात. म्हणून २००४ च्या सुमारास तिने ‘लोहित’ ही फॉन्टमालिका जीपीएलखाली खुली केली. मूळ फॉन्ट पुरवले होते पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने, म्हणजे ‘श्रीलिपी’च्या निर्मात्यांनी. लोहित म्हणजे लाल. रेड हॅटच्या नावाशी जुळणारा संस्कृत शब्द. पुढे रेड हॅटच्या पुणे कार्यालयातील अभियंत्यांनी या फॉन्टचा सांभाळ केला.

९. सनदेतला शब्द किती महत्त्वाचा असतो, हे वतनांचे तंटे वाचलेल्यांना वेगळे सांगायला नको. जीपीएल हा मुळात आज्ञावलींसाठीचा परवाना. असा फॉन्ट एखाद्या दस्तऐवजात अंतर्भूत केला, तर त्या दस्तऐवजालाही परवान्याच्या अटी लागू होतात का, असा प्रश्न निघे. कंपन्यांचे वकील अशा संदिग्धतेला बिचकतात. २०११ मध्ये लोहितचा परवाना बदलून तो खास फॉन्टसाठी लिहिलेल्या मुक्त फॉन्ट परवान्याखाली आणला गेला. फॉन्ट वापरा, बदला, सॉफ्टवेअरसोबत द्या. फक्त एकटा फॉन्ट विकू नका. मजकूर मात्र लिहिणाऱ्याचाच.

१०. अक्षरे जुळवणाऱ्या आज्ञावलीची कथा याहून बोधप्रद आहे. फ्रीटाइप प्रकल्पातील जुना संकेत दोन ठिकाणी गेला : एक प्रत पँगोत, दुसरी क्यूटीत. दोन्हीकडे स्वतंत्र दुरुस्त्या होऊ लागल्या. एकीकडे सुधारलेली चूक दुसरीकडे तशीच राही. अखेर हे काम ‘हार्फबझ’ या एका प्रकल्पात एकवटले आणि बेहदाद एस्फाहबोद यांनी, आधी रेड हॅटमध्ये व नंतर गूगलमध्ये असताना, ते नव्याने लिहिले. आज क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड आणि लिबरऑफिस हीच आज्ञावली वापरतात.

११. यातून बड्या कंपन्या एक नियम शिकल्या : दुरुस्ती आपल्या घरात ठेवू नये, मूळ प्रकल्पाला परत द्यावी. खासगी बदल ठेवले, की मूळ प्रकल्पाच्या प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर ते पुन्हा बसवावे लागतात, आणि काही वर्षांत तो भार मूळ कामापेक्षा जड होतो. उलट एकदा परत दिलेली ‘ऱ्य’ची दुरुस्ती नव्या आवृत्त्यांबरोबर सर्वांपर्यंत पोहोचते.

१२. पण घेणारे शेकडो आणि सांभाळणारे दोनचार, अशी स्थिती झाली तर? एप्रिल २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ हा दोष उघड झाला. इंटरनेटवरील सुरक्षित व्यवहारांचा मोठा भाग ज्या ओपनएसएसएलवर चालत होता, त्यावर पूर्णवेळ काम करणारा जवळजवळ एकच माणूस होता. त्यानंतर लिनक्स फाउंडेशनच्या पुढाकाराने बड्या कंपन्यांनी अशा प्रकल्पांसाठी निधी उभारला. विहीर सामाईक आणि गाळ काढायला कुणी नाही, ही गावाला परिचित असलेली गोष्ट उद्योगविश्वाला तेव्हा उमगली.

१३. सभासद बखरीत शिवकालीन किल्ल्यांची व्यवस्था दिली आहे : गडावर हवालदार, सबनीस आणि सरनौबत असे तिघे. एकाच्या मर्जीवर किल्ला जाऊ नये, हा हेतू. २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या छोट्या पण सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या प्रकल्पात नेमकी हीच तटबंदी नव्हती. थकलेल्या एकट्या सांभाळकर्त्याचा विश्वास कुणीतरी टोपणनावाने, दोनहून अधिक वर्षे मदत करत मिळवला आणि संकेतात चोरवाट घातली. मार्च २०२४ मध्ये अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, एवढेच जाणवले. त्याचा माग काढताना चोरवाट सापडली. मूळ संकेत खुला असल्याने ती तपासता आली, हेही विसरता येत नाही.

१४. गडावर काय आहे याची यादी नसेल, तर काय गेले हे कळणार कसे? डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉग४जे’मधील दोष उघड झाला, तेव्हा तो घटक आपल्या यंत्रणेत कोठे आहे, हे असंख्य कंपन्यांना ठाऊक नव्हते. म्हणून सॉफ्टवेअरमधील घटकांची जंत्री ठेवण्याचा आग्रह वाढला. मुंबईच्या सेबीनेही ऑगस्ट २०२४ मध्ये काढलेल्या सायबर सुरक्षा चौकटीत अशा जंत्रीचा समावेश केला. सबनिसाच्या दप्तराचे महत्त्व नव्याने पटले म्हणायचे.

१५. कंपनीचा हात मागे आला तर? डिसेंबर २०२० मध्ये रेड हॅटने सेंटओएस या विनामूल्य प्रणालीचे जुने स्वरूप बंद करण्याचे जाहीर केले. वापरणारे नाराज झाले, पण निराधार झाले नाहीत : मूळ संकेत खुला असल्याने अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स उभे राहिले. रेड हॅट स्वतः २०१९ मध्ये आयबीएमच्या मालकीची झाली होती. मालक बदलला, तरी एकदा दिलेली सनद मागे घेता येत नाही. लोहितच्या प्रती ज्यांच्याकडे आहेत, त्यांचे हक्क कायम आहेत.

१६. ब्राह्मीची किल्ली परत मिळायला एका विद्वानाची चिकाटी लागली. मोडीसाठी आजही वर्ग भरवावे लागतात. तिसरे कुलूप त्या मानाने सोपे आहे, कारण जुन्या फॉन्टच्या अक्षर-क्रमांकांचे तक्ते अजून मिळतात आणि ते वापरणारी माणसे हयात आहेत. गावोगावच्या वाचनालयांत, मंडळांत, छापखान्यांत १९९०–२००० च्या दशकांतल्या सीडी पडून आहेत. त्यांतला मजकूर युनिकोडमध्ये उतरवणे हे इतिहासाचेच काम आहे आणि त्याला मुदत आहे : सीडी खराब होतात, त्या चालवणारी यंत्रे भंगारात जातात. पुढच्या पिढीला दऱ्या आणि दर्या यांतला भेद वाचता यावा, एवढ्यासाठी तरी ते आत्ताच व्हायला हवे.

थ्रेड समाप्त.